घराची मुदत

कोल्हापुरात ‘कळंबा’ हा शब्द माणसागणिक वेगळा ऐकू येतो. पहाटे तलावाच्या बांधावर फिरायला जाणाऱ्याला त्यातून पाणी आणि गार वारा आठवतो. अडचणीत सापडलेल्याला मध्यवर्ती कारागृहाची भिंत दिसते. गावात कुणी वाकडं पाऊल टाकलं की ‘कळंब्याची हवा खायला जाशील’ असं आजही सहज म्हटलं जातं. शिवाय अलीकडच्या काळात वाढलेला तिसरा कळंबाही आहे. तपोवन, आयटीआय ओलांडून गारगोटी रस्त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेली ही घरं आहेत. गुंठा-दीड गुंठा घेऊन, आधी तळमजला, मग जमेल तसा वरचा मजला, अशी ती उभी राहिली. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत लेथ चालवणारे, फौंड्रीला सुटे भाग पुरवणारे, शिक्षक, निवृत्त कर्मचारी अशा कष्टाने मिळवणाऱ्यांची ही वस्ती.

अशा घराची कागदावरची कहाणी बहुतेक वेळा सारखीच असते. आधी बांधायला कर्ज, मग मुलाच्या धंद्याला कर्ज. दुसऱ्या कर्जाला तारण काय, तर तेच घर. धंदा चालला तर कुणाला कळतही नाही. बसला, तर एके दिवशी दारावर कागद चिकटतो आणि आठवड्याभरात दोन वर्तमानपत्रांत कर्जदाराचं नाव, जामीनदारांची नावं आणि घराची चतुःसीमा छापून येते.

त्या क्षणी घरातली माणसं दोन चुकीच्या गोष्टी धरून बसतात. पहिली, आता तुरुंग. दुसरी, आता घर गेलंच. या दोन्ही समजुतींनी जितकी घरं घालवली, तितकी कर्जानेही घालवली नसतील. गेलेलं किंवा जाऊ लागलेलं घर, किंवा घरातला वाटा, परत घेण्याच्या वाटा आपल्या कायद्यात आहेत. मात्र प्रत्येक वाटेला मुदत आहे, ती दिवसांत मोजलेली आहे, आणि ते दिवस बहुतेक वेळा लाजेपायी निघून जातात. म्हणून या लेखात मुदतींविषयीच सविस्तर लिहितो आहे.

तुरुंगाची भीती

कर्ज थकणं हा गुन्हा नाही. चेक न वटल्याचा खटला किंवा खोटी कागदपत्रं दिल्याचा आरोप वेगळा. निव्वळ हप्ते थकले म्हणून कुणी कळंब्याला जात नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेत हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी दिवाणी कैदेची तरतूद आहे, ती जास्तीत जास्त तीन महिन्यांची. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला तर अटकच करता येत नाही. १९८० साली बँक ऑफ कोचीनच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या तरतुदीची मर्यादा स्पष्ट केली. ऐपत असून अप्रामाणिकपणे न फेडणाऱ्यासाठीच कैद आहे; ज्याच्याजवळ खरोखरच काही उरलं नाही, त्याला गरिबीबद्दल तुरुंगात टाकता येणार नाही.

ही भीती मनातून गेली, तरच माणूस नोटिसीचं पाकीट फोडतो. पाकीट फोडलं, तरच तारीख कळते.

नादारी म्हणजे काय

‘दिवाळं निघालं’ हे आपण सहज बोलतो, पण कायद्याने नादार ठरणं ही वेगळी गोष्ट. २०१६ साली देशाला नवी दिवाळखोरी संहिता मिळाली. तिच्यातला व्यक्तींविषयीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांपुरता लागू झाला. कळंब्यातला एकट्याच्या नावावर धंदा करणारा माणूस नादारीचा अर्ज करायचा म्हणेल, तर त्याला आजही १९२० चा प्रांतिक नादारी कायदा धरून जिल्हा न्यायालयाकडे जावं लागतं. कर्जमुक्तीचा आदेश देताना नादाराची मालमत्ता देण्याच्या रुपयामागे आठ आणे तरी भरते का, हे पाहायला तो कायदा अजून सांगतो. आणे गेले, कायद्याची भाषा तशीच राहिली.

नादार ठरताच माणसाची मालमत्ता न्यायालयाकडे किंवा त्याने नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते. घरात त्याचा वाटा असेल तर तो वाटाही जातो. पण तीन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. पहिली, दिवाणी संहितेने जे जप्तीतून वगळलं आहे, ते रिसीव्हरकडे जात नाही. शेतकरी, मजूर आणि घरकामगार यांचं स्वतःचं राहतं घर त्या यादीत आहे. दुसरी, हे संरक्षण गहाण टाकलेल्या घराला नाही. तारण घेणाऱ्या बँकेचा हक्क नादारीनंतरही शाबूत राहतो. तिसरी, नादाराचं सगळं देणं पूर्ण फिटलं तर न्यायालय नादारीचा आदेश रद्द करतं आणि उरलेली मालमत्ता माणसाकडे परत येऊ शकते. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या या कायद्यातही परतीची वाट ठेवलेली आहे.

नव्या संहितेने कंपनीच्या जामीनदारांसाठी एक पाऊल पुढे टाकलं आहे. शहरात २० लाख आणि ग्रामीण भागात १० लाख रुपयांपर्यंतचं, कसलाही बोजा नसलेलं एकच राहतं घर दिवाळखोराच्या मालमत्तेतून वगळलं जातं. मात्र तिथेही घर बोजाविरहित असावं लागतं. कर्ज घेताना ज्याने राहतं घरच तारण लिहून दिलं, त्याच्या कामाला ही सवलत येत नाही.

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना तिथला कायदा माहीत असेल. तिथे माणूस दिवाळखोर ठरला की घरातला त्याचा वाटा विश्वस्ताकडे जातो. पण विश्वस्ताने तीन वर्षांत त्या वाट्याबाबत काहीच केलं नाही, तर तो वाटा आपोआप मूळ माणसाकडे परत येतो. २००४ पासून तिथे हा नियम आहे. दरम्यान पत्नी, पती किंवा नातेवाईक तो वाटा विश्वस्ताकडून विकतही घेऊ शकतात. आपल्या कायद्यात राहत्या घरासाठी असं एक स्वतंत्र, सुटसुटीत कलम नाही. हक्क आहेत, पण ते वेगवेगळ्या कायद्यांत विखुरलेले आहेत. ते गोळा करून ठेवणं, हे पुढच्या मजकुराचं काम.

मुरगूडपासून दिल्लीपर्यंत

कळंब्यावरून जाणारा गारगोटी रस्ता धरून मुदाळ तिट्ट्याला वळलं की कागल तालुक्यातलं मुरगूड येतं. तिथल्या विश्वासराव पाटील मुरगूड सहकारी बँकेच्या एका खटल्याने देशभरातल्या सहकारी बँकांच्या कर्जदारांचं भवितव्य ठरलं. प्रश्न असा होता की, न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेऊन विकण्याचा जो अधिकार २००२ च्या सरफेसी कायद्याने बँकांना दिला, तो सहकारी बँकांना वापरता येतो का? ५ मे २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ‘येतो’ असा निकाल दिला.

कोल्हापूरसारख्या सहकाराच्या जिल्ह्यात या निकालाचा अर्थ मोठा आहे. आपली बँक, आपले संचालक, आपल्या ओळखीचा शाखाधिकारी, तेव्हा दावा लागेल, तारखा पडतील, दहा वर्षं निघतील, हा हिशेब आता चालत नाही.

सरफेसीचे दिवस असे मोजायचे. हप्ता थकून ९० दिवस झाले की खातं थकीत वर्गात जातं. मग ६० दिवसांची मागणी नोटीस येते. या ६० दिवसांत लेखी हरकत घेता येते आणि बँकेला १५ दिवसांत तिचं उत्तर द्यावंच लागतं. त्यानंतर बँक ताबा घेण्याची कारवाई करते. प्रत्यक्ष ताब्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची मदत मागता येते. या कारवाईविरुद्ध दाद मागायला ४५ दिवस मिळतात, तीही कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे, म्हणजे कोल्हापूरकरांना पुण्याला जाऊन. ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आलं, याचा आनंद सगळ्यांनाच आहे. पण या अर्जासाठी आजही पुण्याचीच गाडी धरावी लागते.

आता सगळ्यात मोलाची तारीख. गहाण सोडवण्याचा हक्क, म्हणजे पूर्ण थकबाकी व खर्च भरून घर मोकळं करून घेण्याचा हक्क, पूर्वी विक्री पुरी होईपर्यंत टिकत असे. २०१६ च्या दुरुस्तीने ही रेघ अलीकडे ओढली गेली. लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होण्याच्या आधी पैसे भरले पाहिजेत.

ही रेघ किती कडक आहे, हे २०२३ साली मुंबईतल्या बाफना मोटर्सच्या खटल्यात दिसलं. कर्ज थकलं, तारण जमिनीचे आधीचे आठ लिलाव फसले, नवव्या लिलावात १०५ कोटी ५ लाखांची बोली आली. त्यानंतर कर्जदार १२९ कोटी भरायला तयार झाला. उच्च न्यायालयाने त्याला तशी मुभा दिली. सर्वोच्च न्यायालयाने २१ सप्टेंबर २०२३ रोजी ती रद्द केली, कारण नोटीस प्रसिद्ध झाल्यावर हक्क उरत नाही. जवळपास २४ कोटी जास्त मोजायची तयारी असूनही जमीन परत मिळाली नाही. कोट्यवधींच्या कर्जदाराला जो नियम, तोच कळंब्यातल्या दीड गुंठ्याला.

एक व्यवहार्य वाट नोटिसीच्या आधी असते, ती म्हणजे एकरकमी परतफेड. तडजोडीत बँक व्याजात सूट देऊ शकते. पण तो बँकेच्या धोरणाचा भाग आहे, कर्जदाराचा हक्क नाही. २०२१ साली बिजनौरच्या एका नागरी सहकारी बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. म्हणून तोंडी आश्वासनावर थांबू नये. प्रस्ताव लेखी द्यावा, पोच घ्यावी, मंजुरीचं पत्र हातात आल्याशिवाय ‘मिटलं’ म्हणू नये. तडजोडीची बोलणी चालू आहेत म्हणून लिलावाचं घड्याळ थांबत नाही.

लिलाव झालाच, तर बोली जिंकणाऱ्याला २५ टक्के रक्कम लगेच आणि उरलेली साधारणपणे १५ दिवसांत भरावी लागते. घरातली जी व्यक्ती कर्जाला सहीने बांधलेली नाही, तिला लिलावाच्या अटी नीट वाचून स्वतःच्या पैशाने बोली लावण्याचा विचार करता येतो. पण पैसा खरोखर तिचा हवा. कर्जदाराचाच पैसा दुसऱ्याच्या नावाने फिरवला, तर एका संकटातून निघून दुसऱ्यात पडायची वेळ येते.

पतसंस्थेचे तीस दिवस

पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. तिची वसुली महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खालच्या दाखल्याने आणि १९६१ च्या नियमांतल्या नियम १०७ ने चालते. हा नियम कर्जदारांनी पाठ करावा असा आहे, कारण लिलाव झाल्यानंतरही घर परत मिळवण्याची वाट त्यात ठेवली आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पतसंस्थेची थकबाकी १२ लाख. वसुली अधिकाऱ्याने घर लिलावात काढलं, २० लाखांना गेलं. विक्रीच्या दिवसापासून ३० दिवसांच्या आत घराच्या मालकाने जाहीरनाम्यातली १२ लाखांची थकबाकी, त्यावरचं पुढचं व्याज आणि खर्च, आणि खरेदीदाराला भरपाई म्हणून बोलीच्या ५ टक्के, म्हणजे १ लाख रुपये, वसुली अधिकाऱ्याकडे भरले आणि अर्ज केला, तर विक्री रद्द होते. हा अर्ज फक्त कर्जदारच करू शकतो असंही नाही. विक्रीपूर्वीपासून त्या घरात ज्याचा कायदेशीर हितसंबंध आहे, त्याला तो करता येतो. लिलावाच्या पद्धतीत गंभीर चूक असेल आणि त्यामुळे नुकसान झालं असेल, तर त्यासाठीचा वेगळा अर्जही याच ३० दिवसांत करायचा.

दिवाणी न्यायालयाच्या लिलावालाही असाच नियम आहे. तिथेही ५ टक्के भरपाई द्यावी लागते, पण मुदत ६० दिवसांची आहे. तीस आणि साठ, हे दोन आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करून ठेवण्याच्या योग्यतेचे आहेत.

भावाचा वाटा

आपल्याकडे घर सहसा एकट्याचं नसतं. वडील गेले, वारसाची नोंद झाली, उताऱ्यावर आई, दोन भाऊ, एक बहीण अशी नावं लागली, आणि धंद्यासाठी कर्ज काढलं एका भावाने. इथे पहिला प्रश्न विचारावा तो असा की सह्या कुणाकुणाच्या आहेत? जो सहकर्जदार किंवा जामीनदार नाही, ज्याने गहाणखतावर सही केली नाही, त्याचा वाटा सहसा त्या कर्जाखाली येत नाही. वडिलांचं कर्ज मुलांनी फेडणं हे धर्मकर्तव्य, म्हणून मुलांच्या वाट्यावर हात टाकता येतो, हा जुना हिंदू कायद्यातला नियम ९ सप्टेंबर २००५ नंतरच्या कर्जांना लागू नाही. म्हणूनच बँका आणि पतसंस्था सगळ्यांच्या सह्या घेतात. ‘सही काय, नुसती नावाला’ असं म्हणून आईपुढे किंवा बहिणीपुढे कागद सरकवला जातो, तेव्हा घराची शेवटची संरक्षक भिंत पाडली जात असते.

समजा कर्जाने पिचलेल्या भावाने आपला हिस्सा बाहेरच्या माणसाला विकून टाकला. आता तो माणूस स्वयंपाकघरात येऊन बसणार का? नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ४४ ने एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरात बाहेरच्या खरेदीदाराला सहताबा मागता येत नाही. त्याला वाटपाचा दावा करावा लागतो. त्याने तसा दावा केला, की १८९३ च्या वाटप अधिनियमाचं कलम ४ जागं होतं. घरातला हिस्सेदार न्यायालयात सांगू शकतो की हा वाटा मी विकत घेतो. न्यायालय त्याची किंमत ठरवतं आणि तेवढ्या किमतीला वाटा कुटुंबात परत येतो.

सव्वाशे वर्षांहून जुनं हे कलम मला फार माणुसकीचं वाटतं. चूल एक असलेल्या घरात परक्याला शिरू न देता त्याचा पैसाही बुडू न देण्याचा तोल त्यात साधला आहे. वारसाने आपला हिस्सा विकायला काढला, तर सोबतच्या वारसांना तो आधी घेण्याचा हक्क हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम २२ मध्येही आहे. घरात वाद असले तरी, वाटा बाहेर जाण्यापूर्वी भावंडांनी एकदा एका पंगतीला बसावं, असंच कायदा सांगतो आहे.

सावकाराचं खरेदीखत

बँक नाही, पतसंस्था नाही, मग सावकार. कर्ज दोन लाखांचं, पण दुय्यम निबंधकांसमोर नोंदवलेलं कागदपत्र चक्क खरेदीखत. ‘पैसे दिलेस की परत लिहून देतो,’ हा शब्द तोंडी, किंवा मुद्रांकावर वेगळा लिहिलेला. १९२९ पासून कायदा असं म्हणतो की परत देण्याची अट त्याच दस्तात लिहिली असेल, तरच ते मुदत खरेदीचं गहाण मानलं जाईल. अट त्याच दस्तात असेल आणि तो व्यवहार गहाण ठरला, तर ते सोडवायला ३० वर्षांची मुदत आहे. अट वेगळ्या कागदावर असेल, तर गहाणाचा दावा उभा करणं फार कठीण होतं.

ही फसवणूक जुनी आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले. त्या उठावानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैद करणं त्याने बंद केलं. पुढे त्यात भर पडली ती अशी की, कागदावर खरेदी लिहिली असली, तरी व्यवहार खरा गहाणाचा होता हे तोंडी पुराव्याने दाखवण्याची मुभा शेतकऱ्याला मिळाली. तो कायदा आता नाही.

त्याच्या जागी आज महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ उभा आहे. सावकारी व्यवहारातून गेल्या १५ वर्षांत खरेदी, गहाण, भाडेपट्टा किंवा अन्य नावाखाली सावकाराकडे गेलेली स्थावर मालमत्ता परत मिळावी, म्हणून कलम १८ खाली जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो. चौकशीत व्यवहार सावकारीचा निघाला, तर ते दस्त रद्दबातल ठरवून मालमत्ता परत देण्याचा आदेश होऊ शकतो. परवान्याशिवाय सावकारी करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे कर्जाच्या या व्यवहारात कळंब्याची भीती बाळगायचीच असेल, तर ती विनापरवाना सावकाराने बाळगावी.

असा अर्ज करायचा तर पुरावा लागतो. बँकेतून किंवा मोबाइलवरून दिलेलं व्याज, साक्षीदार, दस्तानंतरही घराचा ताबा आणि वीजबिल आपल्याच नावावर राहिल्याचे कागद, ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या पावत्या, हे सगळं पहिल्या दिवसापासून जपून ठेवावं.

घर परत आल्यानंतर

पैसे भरले म्हणजे काम संपलं असं समजू नये. सातबाऱ्याच्या इतर हक्कांतला बोजा उतरवून घ्यावा, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वरची नोंद तपासावी, बेबाकी दाखला घ्यावा. घरकर्जासारख्या वैयक्तिक कर्जांत पूर्ण फेड किंवा तडजोड झाल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत दिलेच पाहिजेत, आणि बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये कर्जदाराला दिले पाहिजेत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. बोजा तसाच राहिला, तर दहा वर्षांनी मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज काढताना जुनं भूत पुन्हा दारात उभं राहतं.

लाज आणि कॅलेंडर

या सगळ्या कायद्यांत मला एक समान धागा दिसतो. आपल्या पूर्वीच्या आणि आताच्या कायदेकर्त्यांनी कर्जदाराला घर परत घ्यायची संधी नाकारलेली नाही. त्यांनी ती थोड्या दिवसांची ठेवली. कुठे ४५, कुठे ३०, कुठे ६०, आणि सरफेसीत लिलावाच्या नोटिसीच्या आदल्या दिवसापर्यंत. हे दिवस माणूस कशात घालवतो? नोटीस लपवण्यात. बायकोला कळू नये म्हणून पाकीट स्कूटरच्या डिकीत ठेवण्यात. भावाला सांगायचं कसं, मेव्हण्यापुढे हात पसरायचा कसा, या विचारात. ज्या बहिणीने हक्काने वाटा सोडवून घेतला असता, तिला लिलाव झाल्यावर वर्तमानपत्रातून कळतं.

माझं स्पष्ट मत आहे की राहत्या घरासाठी आपल्याकडे एकच सोपा कायदा हवा. घर विकण्यापूर्वी त्यात राहणाऱ्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीला मराठीत स्वतंत्र नोटीस मिळावी. आलेल्या सर्वोच्च बोलीइतकी किंमत देऊन घर घेण्याचा पहिला हक्क, ठरावीक मुदतीपुरता, कुटुंबाला असावा. त्यात बँकेचा पैसा बुडत नाही आणि घरही मोडत नाही. १८९३ साली एका वाट्याबाबत जे सुचलं, ते आज अख्ख्या घराबाबत सुचायला हरकत नाही.

तोपर्यंत आपल्या हातात एवढं आहे. या दिवाळीत घर झाडताना कपाटातली न फोडलेली पाकिटं बाहेर काढा. घरातल्या सगळ्यांना बसवून ती वाचा. प्रत्येक कागदावरची तारीख कॅलेंडरवर लिहा, आणि दुसऱ्याच दिवशी वकिलाकडे किंवा जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या मोफत सल्ल्यासाठी जा. पैसे कमी पडत असतील तर तेही सांगा. मार्ग त्यानंतरच निघतो. कर्जाची लाज वाटून घेऊ नका. मुदत मात्र चुकवू नका.